खिडकीखालचं पेव

१२ नोव्हेंबर २००६, रविवार

“हिचं तोंड बंद ठेवा, नाहीतर गौर अर्ध्या वाटेवरून परत जाईल!” – आत्या, १९७०. मी नऊ वर्षांची. आमच्याकडे खड्यांच्या गौरी. विहिरीवरून घरी आणताना बोलायचं नाही, मागे वळून बघायचं नाही. मी एवढंच म्हणाले होते की आत्या, तुझा पदर चिखलात लोळतोय. झालं! सगळी वरात परत विहिरीवर. खडे नव्याने वेचले. पदर मात्र तसाच लोळत राहिला, तो कुणी उचलला नाही.

छत्तीस वर्षांनी हे आज आठवलं, कारण सकाळी माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली एक बाई उभी होती आणि गौरीबद्दल बोलत होती. साठीची, काष्ट्याचं लुगडं, अंबाड्यात अबोली. वॉचमनला सांगून आली होती की मी तळमजल्यावरच्या मॅडमची कामवाली. मॅडमला पत्ता नाही!

नाव विमलाबाई. राई गावातली. आमची ‘गोकुळ छाया’ गावाच्या ज्या टोकाला उभी आहे, ती तिच्या सासऱ्याची वाडी होती. दीर धाकू, त्याने बिल्डरला विकली. बिल्डरने सगळं कापलं. मागच्या भिंतीलगत एक आंबा कसा कोण जाणे राहिला आणि आंब्याच्या सावलीत हे रान राहिलं. मी आठ वर्षं त्याला रानच म्हणत आले. त्यावर भाजी धुतल्याचं पाणी फेकत आले.

“बाय, ह्ये रान न्हाय. पेव हाय. आमचे घरची गौर ह्यातशी येते.”

गावात बाकीच्यांची गौर तेरड्याची. हिच्या घराण्याची तेवढी पेव नावाच्या या रानरोपाची, आणि तीही याच बेटातली. दरवर्षी एक दांडा मुळासकट उपटून न्यायचा, बाकीचं तसंच सोडायचं. वाडी गेली तरी ती पडक्या भिंतीतून येऊन गौर नेत होती. यंदा गणपतीनंतर सोसायटीने भिंत बांधली. आता वॉचमन सोडत नाही.

“तू हितं ऱ्हातंस. ह्ये राख.”

मी हो म्हणाले. मला कुणी अशा आवाजात काहीही राखायला सांगितलं तर मी हो म्हणते. लग्नसुद्धा असंच झालं.

१३ नोव्हेंबर

राखायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे विचारायचं राहिलं. पाणी तर घालावं. रोज एक बादली.

२६ नोव्हेंबर

पानं पिवळी पडतायत. दोन बादल्या.

दुसऱ्या मजल्यावरून हंसाबेन – आमचे चेअरमन ईश्वरभाई, त्यांची बायको – वाकून बघत होत्या. “उर्मिलाबेन, इतना पानी? मच्छर होगा ना!” मी म्हटलं, पूजेचं आहे. पूजा म्हटल्यावर हंसाबेन आत गेल्या. या इमारतीत डासांपेक्षा फक्त देवच मोठा.

१० डिसेंबर

मेलं.

सगळे दांडे वाळून आडवे. हात लावला तर मोडतात. पराग चहाचा कप घेऊन खिडकीत आला, बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, “अभिनंदन! आठ वर्षं कुणी ढुंकून बघितलं नाही तेव्हा जगलं. तू एक महिना बघितलंस!”

नवऱ्यांना इतकी नेमकी वाक्यं सुचतात आणि दोन कथासंग्रह माझ्या नावावर. कसला हा न्याय.

१७ डिसेंबर, रविवार

कबुलीजबाब द्यायला राईत गेले. पायी पंचवीस मिनिटं. घर विचारत विचारत. विमलाबाई ओट्यावर सुकट निवडत होती. मी भाषण तयार करून नेलं होतं – क्षमा, अज्ञान, शहरी माणसाचा अडाणीपणा, सगळं होतं त्यात. दुसऱ्याच वाक्याला ती हसत सुटली. आत हाक मारून दिराला सांगितलं, “धाकू, आईक! ही रोज बादली वतते!” धाकूही हसला. ज्याने वाडी विकली तो माणूस मला हसला!

“बाय, वरून वाललं म्हंजी मेलं न्हाय. निजलंय. निजल्याच्या तोंडात पानी कनाला वततंस?”

पेव थंडीत जमिनीवरून नाहीसं होतं. कंद खाली झोपून असतो. तेव्हा त्याला पाणी दिलं तर कुजतो. म्हणजे मी महिनाभर त्याचा जीव घेत होते, मनोभावे.

“आता काय करू?”

“काय नको करू. जमंल का तुला?”

नाही जमणार. पण तिला तसं सांगितलं नाही.

२१ जानेवारी २००७

काहीच केलं नाही.

४ फेब्रुवारी

अजूनही काही करत नाहीये. खूप कष्टाचं काम आहे.

११ मार्च

आंब्याची पानं गळतायत. झाडूवाला गोळा करून जाळतो. त्याला म्हटलं, इकडेच पसर, कंदावर पांघरूण होईल. त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्याला कचरा परत घरात टाकायला सांगतेय. एका दृष्टीने तेच सांगत होते.

१९ जून

कोंब!!

लालसर, टोकदार, बाळाच्या मुठीतून एकच बोट बाहेर यावं तसे. सतरा मोजले. मग परत मोजले, अठरा. परागला ओढत नेलं. तो म्हणाला, “हं. गवत.” पण वाकून बघितलं त्याने. गवतासाठी तो वाकत नाही.

२४ जून

पुरवणीत लेख आला आहे – ‘आपल्या दारी फुलपाखरांची बाग’. देशी झाडं लावा, औषधं फवारू नका, सुरवंटांवर प्रेम करा. लेखिकेचा फोटो. मागे बंगला. माझ्या दारी आठ फूट रुंदीची पट्टी आहे, तीत दोन ड्रेनेजची झाकणं. पण लेखातली एक ओळ खरी निघाली – फुलपाखराला बाग लागत नाही, अंडी घालायला एक ठरावीक पान लागतं.

नर्सरीत गेले. म्हटलं, पेवाच्या शेजारी लावायला सावलीत येणारं आपल्याकडचं काही आहे का? नर्सरीवाला म्हणाला, “मॅडम, इंपोर्टेड घ्या ना. कीड लागत नाही, काही येतच नाही त्याच्यावर.”

काही येतच नाही – आणि ही जाहिरात!

८ जुलै, रविवार

आज सोसायटीची मीटिंग. हा दिवस मी विसरणार नाही, कारण आज मला माझ्याच शैलीने हरवलं.

विषय चौथा : मागच्या पट्टीत लाद्या बसवून स्कूटरची पार्किंग करणे. मी उठून उभी राहिले. देशी झाडं, मधमाश्या, गावातल्या बाईची गौर – छान बोलले. दोघातिघांनी माना डोलावल्या. ईश्वरभाईंनी शांतपणे फायलीतून एक कागद काढला.

“उर्मिलाबेन, ये लेटर तो आपका ही है ना?”

माझाच. गेल्या ऑगस्टमधला, विमलाबाई भेटायच्या आधीचा. ईश्वरभाई घरी आले होते – आप तो लेखिका हो, ज़रा शुद्ध मराठी में लिख दो. मी वीस मिनिटांत लिहून दिला होता. चहासुद्धा पाजला होता वर. आज त्यांनी तो मोठ्याने वाचला. गुजराती माणसाच्या तोंडी माझं मराठी काय खणखणीत वाजलं! “इमारतीमागील अनियंत्रित वाढलेल्या निरुपयोगी वनस्पतींमुळे डास, उंदीर व सर्प यांचा उपद्रव संभवतो. सबब सदर जागा निर्मूळ करून...”

‘सबब’ मी घातला होता. खूश होते त्या शब्दावर.

सगळे हसले. वाईट मनाने नाही. आणि माझ्या तोंडून काय निघावं? “तो मसुदा होता.” मसुदा! चूक होती, असं दोन शब्दांत म्हणता आलं असतं. चोवीस घरांसमोर तेवढं जमलं नाही.

ईश्वरभाई माणूस वाईट नाही. म्हणाले, ठराव पास झालाय, पण गणपतीपर्यंत थांबतो. तोपर्यंत तेरा घरांच्या सह्या आणा, काम रद्द. लेखी.

घरी आल्यावर परागने न मागता चहा करून दिला. हे त्याहून वाईट.

१५ जुलै

विमलाबाईला लाद्यांचं सांगून आले. कागद कुणी लिहिला, ते नाही सांगितलं. ‘कमिटीने लिहिला’ म्हटलं. मीही कमिटीच नव्हे का!

पराग सुचवतोय, दोन कंद काढून कुंडीत लाव, म्हणजे निदान वाण राहील. मलाही तेच सुचलं होतं. विमलाबाईने साफ नाही म्हटलं. कोंब फुटल्यापासून गौर जाईपर्यंत त्या बेटाला हात लावायचा नाही, लोखंड तर बिलकूल नाही. “गौरीचं इसर्जन झालं का खुशाल दोन कंद घे. त्येच्या आदी न्हाय.”

“आणि त्याआधी लाद्या आल्या तर?”

“मंग तू कनाला हाईस?”

२९ जुलै

सह्या सहा. पहिल्या मजल्यावरचे काका म्हणाले, सही करतो, पण माझ्या नातवाची कविता तुमच्या ओळखीने कुठे छापून येईल का? कविता वाचली. पावसावर. मी म्हटलं, येईल. एका झाडासाठी माणूस किती खालच्या थराला जातो.

५ ऑगस्ट

छातीपर्यंत आलंय. पानं दांड्याभोवती गोल फिरत वर चढतात, जिन्यासारखी. पान खालून मऊ, मांजराच्या कानासारखं. एका पानाची सुरळी दिसली, उलगडली तर आत हिरवा सुरवंट. दचकले, परत गुंडाळून ठेवला. दुसऱ्याच्या घराचं दार चुकून उघडलं की आपण ‘सॉरी’ म्हणतो ना, तसं म्हणालेसुद्धा.

हंसाबेनने वरून पाहिलं. “कीड़ा लगा है! फिनाइल डालूँ?” आणि खरंच बाटली घेऊन खाली आल्या. मी बेटापुढे हात पसरून उभी! मग त्यांना ती सुरळी दाखवली. त्या बघत राहिल्या. फिनाइलचं झाकण लावलं. म्हणाल्या, “अंदर सो रहा है?”

१६ ऑगस्ट

पहिलं फूल. दांड्याच्या टोकाला लालबुंद कणीस, त्यातून सकाळी एकच पांढरं फूल बाहेर येतं, इस्त्री न केलेल्या मलमलीसारखं. दुपारी मलूल. उद्या दुसरं. घाई नाही.

साडेआठला एक काळा भुंगा आला. घोंघावत थेट आत शिरला, पार्श्वभाग बाहेर. पाठीवर पांढरी पूड लावून निघाला आणि पुढच्या फुलात गेला. लाल कणसावर मुंग्यांची वेगळीच ये-जा. मी ओट्यावरचं दूध उतू घालवलं.

आठ वर्षं हे सगळं माझ्या खिडकीखाली चालू होतं. आणि मी आत बसून माणसांच्या एकटेपणावर कथा लिहीत होते.

१९ ऑगस्ट, रविवार

सह्या दहा.

२७ ऑगस्ट

सुरळी रिकामी. दुपारी एक काळपट तपकिरी फुलपाखरू, पंखावर पांढरा पट्टा, बेटावरून हलतच नव्हतं. हंसाबेन खिडकीतून ओरडल्या – “अपनावाला है!”

अपनावाला! फिनाइलवाली बाई!

त्या खाली आल्यावर त्यांची सही मागितली. घर ईश्वरभाईंच्या नावावर आहे, त्यांची सही चालत नाही. “मेरा तो कुछ भी मेरे नाम पे नहीं है,” असं हसत म्हणाल्या आणि भाकऱ्या बघायला वर गेल्या. गुजरात्यांच्या घरी भाकऱ्याच करतात की नाही मला माहीत नाही, पण तिथून निघून जायचं निमित्त असावं ते.

९ सप्टेंबर, रविवार

एका दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन. ‘निसर्ग आणि मी’, बाराशे शब्द. “तुमच्या त्या हळव्या शैलीत, ताई.” हळव्या शैलीतलं माझं सर्वांत परिणामकारक लेखन ईश्वरभाईंच्या फायलीत आहे, असं सांगणार होते.

१४ सप्टेंबर

राईहून निरोप. विमलाबाईचा पाय मुरगळलाय, पाऊल टेकत नाही. धाकूची सून वसईची, तिला पेव ओळखता येत नाही. यंदा गौर मी आणायची.

मी!

सवाष्ण असली म्हणजे झालं, म्हणे. हाताने उपटायची, मूळ तुटू द्यायचं नाही. सकाळी आंघोळ करून. एवढंच कळवलंय. बाकी मला माहीत आहेच.

१६ सप्टेंबर, रविवार

सह्या दिल्या. बारा. माझी धरून बारा. चोवीसपैकी बारा. ईश्वरभाईंनी दोनदा मोजल्या. “टाय हो गया, उर्मिलाबेन! इंडिया का मॅच जैसा.” परवा सांगतो म्हणाले. हंसाबेन पाणी घेऊन आल्या आणि पेला माझ्यापुढे ठेवताना नवऱ्याकडे एकदा बघितलं. बस, एकदाच.

१८ सप्टेंबर, गौरी आवाहन

क्रमाने लिहिते. नाहीतर मी स्वतःलाच फसवीन.

सकाळी आंघोळ केली. हिरवी साडी. बेटापुढे बसून दांडा निवडला – कणीस लाल, एक फूल उमललेलं. बोटांनी माती उकरली. अर्धा तास लागला. नखं गेली. मूळ आलं, आल्यासारखं जाड, गाठीगाठीचं, एक कोंबसुद्धा बाजूला. हळदकुंकू लावलं. त्या क्षणापासून मी बोलणं बंद केलं. आमची रीत – गौर हातात आली की तोंड बंद, घरात टेकेपर्यंत.

गेटवर ईश्वरभाई. शेजारी लाद्यांचा कॉन्ट्रॅक्टर, रस्त्यावर टेम्पो, त्यात फावडी घेतलेले चार कामगार.

“उर्मिलाबेन, अच्छा हुआ मिल गए. इसके पास लेबर आज ही है, कल वसई की साइट पे जाएगा.” मग जरा जवळ आले, आवाज उतरवला. “देखो, बारा-बारा हो गया. चेअरमन का मेरा एक वोट बाकी. घर में भी मेरेको चैन नहीं है. आप सिर्फ इतना बोलो – वो लेटर मेरा गलत था. इसके सामने बोलो, मैं इसको वापस भेजता हूँ. बात खतम.”

मी त्यांच्याकडे बघितलं. हातातल्या गौरीकडे बघितलं.

“बोलो ना, बेन.”

गप्प.

“मतलब करने दूँ?”

गप्प. फुलावर भुंगा येऊन बसला होता, तोही घोंघावत होता. तिथे मी सोडून सगळे बोलत होते!

ईश्वरभाई थांबले. खरंच थांबले, मी साक्ष देईन. मग कॉन्ट्रॅक्टरकडे वळून हात हलवला. मी मागे न बघता चालू लागले. मागे बघायचं नसतं.

पंचवीस मिनिटं. रस्त्यात दोघीजणी ओळखीच्या भेटल्या, त्यांना काय वाटलं असेल ते वाटो. विमलाबाईच्या दारात पायांवर पाणी घातलं, ओवाळलं. “गौर आली कनच्या पावलांनी?” बायका विचारत होत्या, सुनेने उत्तर द्यायचं. पाटावर तांदळात गौर उभी केली, हिरवी साडी नेसवली. आणि ती टेकल्याबरोबर मी फुटले. गेट, कॉन्ट्रॅक्टर, फावडी – सगळं एका दमात सांगितलं. कागद सोडून.

विमलाबाई मुरगळलेला पाय धरून माझ्याकडे बघत राहिली.

“मंग बोलायचं व्हतंस!”

“गौर हातात होती ना.”

“मंग? गौर काय बहिरी हाय? मी तं वाटभर बोलत येते. कवा नंदंशी भांडत, कवा गौरीशीच. ती माह्याराला आलीय, बाय. मुक्यानं कुनी पोरीला घरी आनतं का?”

रीत तिची नव्हती. माझी होती. तिच्या गौरीला मी माझ्या आत्याचा नियम लावला. तिने सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं. पुन्हा एकदा बादली ओतली.

मला जेवल्याशिवाय सोडेनात. गौरीच्या दिवशी उपाशी जायचं नसतं – ही मात्र खरी रीत. कसेबसे दोन घास खाऊन पळत निघाले.

घरी पोचले तेव्हा तीन वाजले होते. पट्टी सपाट. आंब्याभोवती दीड फुटाचा गोल सोडलाय, बाकी सगळं खणून, माती टेम्पोत भरून नेऊन, वर खडीसुद्धा पसरली. कॉन्ट्रॅक्टरला विचारलं, माती कुठे टाकली? “मॅडम, भरणी को गया. किधर गया वो तो ड्रायव्हर को मालूम.” खडी उकरत बसले. पराग ऑफिसातून लवकर आला – हंसाबेनने फोन केला होता – आणि तोही बसला उकरत, ऑफिसच्या पँटीत. चिरडलेल्या दांड्याचा एक तुकडा मिळाला, बोटाएवढा. पांढरा पडलेला.

पराग त्या तुकड्याकडे बघून काहीतरी बोलेल म्हणून मी वाट बघत होते. नेमकं वाक्य. त्याने माझी नखं बघितली आणि आतून आयोडीन आणलं.

१९ सप्टेंबर, गौरीपूजन

राईत बोलावलं होतं. गेले नाही. डोकं दुखतंय म्हणून निरोप दिला.

लिहिणार होते – रीत होती म्हणून गप्प राहिले. चांगलं वाक्य आहे. दिवाळी अंकात शोभेल. श्रद्धेपायी गमावलेली बाग! वाचक डोळे पुसतील.

पण मान हलवता आली असती. आत्याच्या नियमात मान हलवायला बंदी नव्हती. हात जोडता आले असते. खुणेने ‘थांबा’ म्हणता आलं असतं, कामगारांसमोर आडवं उभं राहता आलं असतं. फिनाइलपुढे उभी राहिलेच होते की!

खरं असं आहे, की ईश्वरभाई ‘बोलो’ म्हणाले आणि मला आत कुठेतरी सुटल्यासारखं वाटलं. गौर हातात आहे, मला बोलता येत नाही – चला, बरं झालं! तीन शब्द म्हणायचे होते. माझं चुकीचं होतं. अख्ख्या इमारतीत मराठी शुद्ध लिहिणारी एकच बाई, तिला ते परक्या माणसापुढे म्हणायचं नव्हतं. देवीच्या पदराआड लपले. शेहेचाळीस वर्षांची बाई.

हंसाबेन दुपारी आल्या होत्या. दारातच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “वो तितली आज भी आई थी. गोल-गोल घूमके गई.”

२० सप्टेंबर, गौरी विसर्जन

पहाटे ध्यानात आलं.

मूळ शाबूत आहे. मीच उपटलं, अर्धा तास लावून, एक तंतू तुटू न देता. बाजूला कोंबसुद्धा होता. त्या सगळ्या बेटातलं जिवंत राहिलेलं पेव एकच आहे – ते राईत पाटावर हिरवी साडी नेसून बसलंय, आणि आज चार वाजता वाजतगाजत खाडीत जायचंय. खाऱ्या पाण्यात.

दोन ओळींचं भाषण तयार केलं होतं, ते फाडलं. जाऊन आधी हे सांगणार, की तो कागद माझ्या हातचा होता. मग, सगळ्या बायकांदेखत, जे कुणी कधी मागत नाही ते मागणार. ती नाहीच म्हणेल. म्हणायलाच हवं तिने, आलेल्या गौरीला कुणी ठेवून घेत नाही, परत पाठवावीच लागते.

विमलाबाई, यंदा गौर बुडवू नका. मला द्या.